कमानी पुरे झाल्या, आता शाळा चालवायला पैसा द्या

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्हा नियोजन समित्यांचे सर्व सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले बरेच जण आम्हाला भाऊ, आबा, अण्णा, नाना याच नावांनी ठाऊक आहेत. लग्नात भेट होते, दशक्रियेला होते, कानबाईच्या रोटाला होते. मग तोंडी सांगायचं सोडून पत्र कशाला, असं विचाराल. तोंडी सांगितलेलं पीएच्या डायरीत जातं आणि डायरी दर जानेवारीत बदलते. शिवाय पुढच्या वर्षाच्या जिल्हा वार्षिक योजनेचे प्रस्ताव आता गोळा व्हायला लागतील. नव्या वर्षात बैठक झाली, आकडे ठरले की मग काही बोलून उपयोग नसतो. म्हणून कापूस वेचणी ऐन भरात असताना वेळ काढून लिहितोय.

मी एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. धंदा शेतीचा, कपाशी आणि थोडा मका. मुलगी याच शाळेत चौथीला आहे.

मागणं आधी सांगतो, पसारा मग मांडतो. शाळा बांधायला पैसा निघतो, चालवायला निघत नाही. बांधकामाला भूमिपूजन असतं, उद्घाटन असतं, ठेकेदार असतो, नावाची पाटी असते. वीजबिलाचं भूमिपूजन करता येत नाही. संडास धुणाऱ्या बाईच्या पगाराला फीत लावता येत नाही. म्हणून या गोष्टी कोणाच्याच यादीत नसतात, आणि नेमक्या याच गोष्टींवाचून शाळा बसते.

मध्यंतरी आमच्या वेशीत कमान झाली. दिसायला झकास आहे. रात्री तिच्यावर दिवे लागतात. ग्रामसभेत तिचा विषय निघाला तेव्हा मागं बसलेली एक आजी उठली आणि म्हणाली, "पोरेस्ले बठाले जागा नही शे, आन तुम्ही कमान कसाले बांधी राहिनात?" सगळे हसले. ठराव मंजूर झाला.

आजी बोलली त्यात काही खोटं नव्हतं. शाळेला खोल्या तीन. त्यातल्या दोन सर्व शिक्षा अभियानातल्या, अजून बऱ्या आहेत. तिसरी जुनी. तिच्या स्लॅबचा खालचा थर पोपडे धरून सुटतोय, आतली सळई गंजून फुगलेली उघडी दिसते, पाऊस थांबून आठवडा झाला तरी भिंतीची ओल जात नाही. एका पावसाळ्यात रात्रीतून छताचा घमेलंभर तुकडा खाली आला आणि पहिल्या रांगेतल्या बाकाची फळी मोडली. वर्ग भरलेला नव्हता, एवढंच नशीब. तेव्हापासून त्या खोलीला कुलूप आहे आणि चौथीचा वर्ग व्हरांड्यात भरतो.

पाडून टाका म्हणाल. पाडायची तर आधी निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे खोली सरकारी कागदावरून बाद व्हावी लागते. तुम्हाला हे माहीत आहे, पण पत्र गावातले लोकही वाचतील म्हणून सांगतो. शाळेचा ठराव, केंद्रप्रमुखांची सही, गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, बांधकामच्या अभियंत्यानं येऊन पाहणं, मग जिल्ह्याला प्रस्ताव. यातला एक कागद कुठं अडला की सगळंच अडतं. अभियंत्याकडे चार-चार गावांच्या रस्त्यांची मोजमापं असतात, पडक्या खोलीसाठी तो कधी येणार? आणि निर्लेखन होत नाही तोवर कागदावर शाळेला तीन खोल्या आहेत. कागदावर तीन असल्या की नवी मागता येत नाही. म्हणजे पडकी खोली आम्हाला वापरता येत नाही, पाडता येत नाही, आणि तिच्या जागी दुसरीही मिळत नाही. मुलं मधल्या सुट्टीत तिच्या भिंतीला चेंडू मारतात. दम देऊन देऊन सर थकले.

व्हरांड्यावर पत्रे आहेत. खान्देशातल्या माणसाला एप्रिलमधले पत्रे म्हणजे काय हे सांगायला नको. सकाळची शाळा असली तरी दहा वाजल्यावर मुलं वह्यांनी वारा घेत बसतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनमध्ये उशिरा उघडतात, त्याबद्दल आमची तक्रार नाही, पोरं तिकडचीही आपलीच. पण भुसावळचा पारा काय नागपूरपेक्षा दमानं चढतो का? २०२५ साली तर वार्षिक परीक्षा एप्रिल संपत आला तरी चालूच होत्या. ज्यांनी ते वेळापत्रक काढलं त्यांच्या खोलीत पंखा नक्की फिरत असणार.

आमच्याही वर्गात पंखे आहेत, बरं का. एका दात्यानं दिले. प्रश्न ते फिरवण्याचा आहे.

आता हिशेब. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वर्षाला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट ३१ ते १०० असेल तर २५,००० रुपये. पट ३० किंवा त्याहून कमी असेल तर १०,०००. आमची शाळा पहिल्या गटात बसते. पंचवीस हजाराला बारानं भागा. महिन्याला २,०८३ रुपये येतात. यात वीजबिल भरायचं, खडू-डस्टर आणायचे, फळा रंगवायचा, नळाच्या तोट्या बदलायच्या, रजिस्टरं घ्यायची, झेरॉक्स काढायच्या, इंटरनेटचं पॅक मारायचं, तुटलेली खिडकी बसवायची आणि वरून पत्र आलं की त्याच्या विषयाचा फ्लेक्स छापायचा. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करा असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण दहा टक्के म्हणजे वर्षाला अडीच हजार, महिन्याला २०८ रुपये. दोनशे आठ रुपयांत महिनाभर संडास कोण धुतं, ते माणूस मला दाखवा, मी त्याचा सत्कार ठेवतो. आणि सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर, जिथं पट पंचवीसचा आहे, तिथं सगळ्या शाळेचा सगळा खर्च ८३३ रुपये महिना.

हा पैसाही जूनमध्ये येत नाही. येतो तेव्हा हप्त्यानं येतो, बऱ्याचदा वर्ष संपता संपता, आणि ३१ मार्चच्या आत खर्च करा म्हणून फोनावर फोन येतात. जूनमध्ये गळणाऱ्या छताचा पैसा मार्चमध्ये आल्यावर त्याचं काय करायचं? मग पडदे येतात, कुंड्या येतात, भिंतीवर चित्रं येतात. चित्रांना माझा विरोध नाही. पण गळकं छत तसंच आणि भिंतीवर मोर, हे कोणाला शोभतं?

पूर्वी जिल्हा परिषदेकडून शाळांना सादिल, म्हणजे किरकोळ खर्चाचा पैसा, यायचा. जुने मास्तर अजून सांगतात, सादिल आला की वर्षाची खडूपेटी आणि झाडू सुटायचे. आता सादिल हा शब्द फक्त निवृत्त शिक्षकांच्या गप्पांत ऐकू येतो.

मुलींच्या संडासाबद्दल थोडं खुलेपणानं लिहितो, कारण बैठकीत यावर कोणी बोलत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, प्रत्येक शिक्षकामागं किमान एक खोली, स्वयंपाकाची जागा, मैदान, कुंपण, ग्रंथालय हे सगळं लिहिलेलं आहे. कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला आणि शाळांना या सोयी करायला मुदत होती तीन वर्षांची. आमच्या शाळेत मुलींचा संडास आहे. ऑनलाइन माहितीत त्याच्यापुढं 'होय' आहे. जलजीवन मिशनमधला नळही आहे, त्याच्यापुढंही 'होय' आहे. नळाला पाणी दिवसाआड येतं, तेही पहाटे, शाळा बंद असताना. वरची टाकी भरायला मोटर हवी, मोटरला वीज हवी, विजेला बिल हवं. तेव्हा पुन्हा त्याच २,०८३ रुपयांपाशी येऊन थांबतो. सातवीपर्यंतच्या शाळांतल्या मोठ्या मुली महिन्यातून काही दिवस घरीच का राहतात, हे हजेरीपटावर कारण म्हणून लिहिता येत नाही. आयांना माहीत असतं.

पोषण आहाराचंही तसंच. १ मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागं दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे असा शिजवण्याच्या साहित्याचा दर आहे. तांदूळ वेगळा मिळतो. या पैशांत डाळ, तेल, मसाला, भाजी, इंधन. खिचडी शिजवणाऱ्या बाईला मानधन महिन्याला २,५०० रुपये. कपाशी वेचायला गेली तर आठवड्याभरात ती तेवढे कमावते. आमची बाई तरीही येते. का येते असं तिला एकदा विचारलं, तर म्हणाली नात इथंच शिकते. उद्या नात सहावीला दुसऱ्या गावी गेली म्हणजे चूल कोण पेटवणार, ते मला माहीत नाही.

शिक्षकांचं. पट साठच्या आत असेल तर कायद्यानं दोन शिक्षक. दोन शिक्षक, पाच वर्ग. त्यातला एक मतदार यादीच्या कामावर, बीएलओ म्हणून. उरलेला मोबाइलवर: आहाराची रोजची नोंद, यू-डायसवर शाळेची माहिती, आधार पडताळणी, मुलांचे अपार ओळखक्रमांक, उल्हासचं प्रौढ शिक्षण, कुठल्या तरी अभियानाचे फोटो. कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसरं काम देऊ नये. मोबाइलवर फोटो चढवणं यातल्या कशात बसतं हे एखाद्या वकिलाला विचारायला हवं. शिक्षक कामचुकार असतात असं चावडीवर म्हणायची फॅशन आहे. असतील काही, आम्हीही एक भोगला आहे. पण चांगला मास्तर शाळेच्या वेळेत मान खाली घालून बोटं चालवत बसलेला पाहिला की त्याची कीव येते.

आता गावाबाहेरचं. कारण शाळा गेटपाशी संपत नाही. आमची शाळा पाचवीपर्यंत. पुढं शेजारच्या गावी जायचं, मध्ये नाला. नाल्यावर फरशी आहे, पूल नाही. जोराचा पाऊस झाला की फरशीवरून पाणी जातं. पाणी ओसरल्यावर शेवाळ राहतं आणि सायकल घसरते. मुलीला एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत. मानव विकास कार्यक्रमातली, शाळेच्या मुलींसाठीची निळी एसटी तालुक्यात काही मार्गांवर फिरते, तिनं किती मुली शिकल्या याची मोजदाद नाही, सरकारच्या मोजक्या चांगल्या योजनांतली ती एक. पण आमच्या रस्त्यावर गाडी येत नाही. रस्ता खराब म्हणून आगारवाले गाडी देत नाहीत, आणि गाडी येत नाही त्या रस्त्याला वाहतूक कमी म्हणून रस्ता मागं पडतो. पास पर्समध्ये आणि मुलगी घरी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ज्या मुलीचे खाडे जास्त होतात, तिचं लग्न लवकर जमतं, हे मी गावात राहून पाहतोय. नाल्यावरच्या दोन नळ्यांच्या पुलाचा आणि बालविवाहाचा संबंध कोणत्याही प्रस्तावात लिहिलेला नसतो. 'वाहतुकीची वर्दळ' असा रकाना असतो, त्यात ट्रॅक्टर मोजतात.

म्हणून मी शाळा एका कागदावर आणि रस्ता, पाणी, दिवे दुसऱ्या कागदावर असं मागत नाही. गावाला नळाला नियमित पाणी आलं की शाळेची टाकी भरते. रस्त्यावरचा दिवा लागला की संध्याकाळी अभ्यासिका चालवता येते. तुमच्याकडे मात्र हे सगळं वेगवेगळ्या लेखाशीर्षांत, म्हणजे खर्चाच्या वेगळ्या खात्यांत, असतं आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

आता पटाबद्दल. दर ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे त्या दिवशीच्या आकड्यावर शिक्षक ठरतात. आणि दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडची माणसं कोयता घेऊन निघतात. साक्री, नवापूर, नंदुरबार, चाळीसगाव, कुठूनही बघा. कोणी बारडोलीकडे, कोणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर. मुकादमाची उचल घेतलेली असते, थांबून चालत नाही. मुलं गाडीत. ती परत येतात एप्रिल-मेमध्ये, तोवर परीक्षा झालेल्या असतात किंवा व्हायच्या असतात. यावर हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे: आई-बाप गेले तरी मुलानं गावात राहायचं, दोन वेळा जेवायचं, शाळेत जायचं. तरतूद कागदावर इतकी नीट आहे की वाचून बरं वाटतं. पण वसतिगृहाची मंजुरी येते तेव्हा गाड्या सुटून गेलेल्या असतात. ऊसतोडीची तारीख साखर कारखान्यांना ठाऊक असते, मुकादमाला ठाऊक असते, टोळीतल्या दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. मंजुरीच्या फाइललाच तेवढी नसते. मंजुरी दसऱ्याच्या आधी द्या, एवढं केलंत तरी नंदुरबार-धुळ्यातल्या शेकडो मुलांचं वर्ष वाचेल.

कमी पटाच्या शाळांवर २०२३ साली टांगती तलवार आली. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात चौदा हजारांहून जास्त असल्याचं सांगितलं गेलं आणि त्यांच्या समूह शाळा करण्याचे, म्हणजे लहान शाळा मिळून एक मोठी करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले. उदाहरण कुठलं दिलं? आपल्याच तोरणमाळचं. तोरणमाळला मुलांच्या राहण्याची सोय आहे, म्हणून तिथं ते चालतं. नकाशावर चार पाड्यांच्या मध्ये टिंब काढून 'समूह शाळा' लिहिलं की धडगावच्या डोंगरातलं सहा वर्षांचं पोर रोज दोन टेकड्या उतरून येत नसतं. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा, असं आपलेच नियम म्हणतात. प्रवास भत्ता देऊ म्हणतात, मुलामागं वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत. पण भत्ता घेऊन बसायचं कशात? सातपुड्यात जीप मिळाली तर टपावर बसून जायचं, हे तुम्हीही पाहिलं आहे.

लोकसहभागाबद्दलही थोडं. "गावानं पुढाकार घ्यावा" हे वाक्य प्रत्येक भाषणात असतं. गाव घेतं पुढाकार. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं जंगल राखून दाखवलं, चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, सगळ्या खान्देशाची मान उंचावली. आमच्या गावानंही वर्गणी काढून शाळेला कुंपण घातलं. पोळ्याला निघालेल्या वर्गणीतून उरलेले पैसे कपाटाला दिले, माहेरवाशिणींनी मिळून भांडी दिली, पंख्यांचं सांगितलंच. पण वर्गणी एकदा निघते, दर महिन्याला निघत नाही. कापसाला भाव नाही त्या वर्षी तर अजिबात निघत नाही. दत्तक शाळा योजना काढून कंपन्यांकडून मदत घ्यायचं ठरलं, घ्यावी. पण कंपनी रस्त्यालगतची, फोटोत चांगली दिसणारी शाळा दत्तक घेणार. नाल्यापलीकडची कोण घेणार? तिचा बाप सरकारच राहणार.

आमच्याकडे भाषणात साने गुरुजी येतातच. १९२४ पासून सहा वर्षं ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, वसतिगृहही बघायचे. मुलांच्या खोल्या ते स्वतः आवरायचे हे आपल्याला लहानपणापासून ऐकून पाठ आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच अमळनेरला ९७ वं मराठी साहित्य संमेलन झालं. आम्ही ट्रॅक्टर करून गेलो होतो, पोरांना पुस्तकांचे स्टॉल दाखवले. ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा शाळेत पेढे वाटले. आनंदच आहे. फक्त एक सांगतो, खेड्यात मराठी जिथं शिकवली जाते ती जागा जिल्हा परिषदेची शाळा आहे. घरी आमची पोरं अहिराणी बोलतात, डोंगरातली भिली, पावरी बोलतात. मराठी त्यांना शाळेतच भेटते. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन आता आमच्या वेशीपर्यंत येते, कमानीखालीच थांबते, आणि दरवर्षी आमच्या पटातली चार-दोन पोरं उचलून नेते. त्या पालकांना मी दोष देत नाही. व्हरांड्यात बसवण्यापेक्षा व्हॅनमध्ये बसवलेलं बरं असं वाटणारच. मग पट कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून आणखी पोरं जातात, आणि एक दिवस पट कमी आहे म्हणून शाळा बंद करायला तुमचंच पत्र येतं.

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा असं कोठारी आयोगानं १९६६ साली सांगितलं, २०२० च्या धोरणानं पुन्हा तेच लिहिलं. तो वाद दिल्ली-मुंबईचा, तो मी तुमच्याशी घालत नाही. तुमच्या हातात आहे तेवढंच मागतो.

प्राथमिक शाळांच्या विशेष दुरुस्तीचा पैसा तुमच्याच आराखड्यातून जातो. त्याची कामं मे महिन्यात व्हायला हवीत, शाळा मोकळी असताना. म्हणजे मंजुरी मार्चच्या आत. आज बऱ्याच ठिकाणी ती पावसाळ्यात मिळते आणि ठेकेदार भर वर्गात वाळू टाकतो. त्याच पैशातला ठरावीक वाटा किरकोळ दुरुस्तीसाठी थेट शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर द्या, जूनच्या पहिल्या आठवड्यात. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका असतात, कायद्यानंच तसं सांगितलंय. पत्र्याला पडलेलं भोक बुजवायला आम्हाला निविदा लागत नाही. हिशेब शाळेच्या भिंतीवर लिहू, ज्याला बघायचा त्यानं बघावा.

वीज. शाळांवर सौर पॅनल बसवा. पण नुसते बसवून फीत कापू नका, पाच वर्षांच्या देखभालीचा करार त्याच रकमेत धरा आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल पाचव्या वर्षी द्या. आमच्या भागात बंद पडलेले सौरदिवे खांबांवर लटकताना दिसतात, बॅटऱ्या कुठं गेल्या कोणास ठाऊक.

निर्लेखनाला मुदत घाला. प्रस्ताव गेल्यापासून ठरावीक दिवसांत अभियंता आला नाही तर विषय आपोआप तुमच्या समितीपुढं यावा. तालुकावार धोकादायक खोल्यांची यादी पंचायत समितीच्या फलकावर लावा. तेवढी लाज पुरेशी होते, असा अनुभव आहे.

स्वच्छतेचा माणूस. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला असतो, ग्रामपंचायतीकडे येतो. महिला-बालकल्याणाचा १० टक्के वाटा ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातही असतो. नंदुरबारच्या अनुसूचित भागात पेसाचे, म्हणजे आदिवासी गावांना हक्क देणाऱ्या कायद्याखालचे, आदिवासी निधीतले ५ टक्के थेट गावाला मिळतात. यातून शाळा आणि अंगणवाडीच्या संडासाची रोजची सफाई कशी बसवायची, याचा एक स्पष्ट आदेश जिल्ह्यानं काढावा. आज सरपंचाला करायचं असतं, पण ग्रामसेवक म्हणतो ऑडिटला आक्षेप निघेल. आक्षेपाची भीती काढून टाकणं तुमच्या एका पत्राचं काम आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे आम्ही दर खेपेला शाळा विकास आराखडा करतो. बायका बोलतात, मुलंही सांगतात, सर लिहून घेतात. तो आराखडा वर जातो आणि फाइलला लागतो. जिल्हा नियोजन समिती घटनेनं निर्माण केली ती खालून आलेल्या आराखड्यांची मोट बांधायला. तिच्यात किमान चार पंचमांश सदस्य लोकांतून निवडून आलेले असावेत असं घटना सांगते, ते याचसाठी. यंदाच्या बैठकीत एक गोष्ट विचारा: आपल्या तालुक्यातल्या किती शाळांचे आराखडे या योजनेत उतरलेत? उत्तर आकड्यात मागा. "कार्यवाही सुरू आहे" हे उत्तर घेऊ नका. नाल्यावरचे पूल, एसटीचे रस्ते, शाळेच्या टाकीचं पाणी, हे त्या आराखड्यांत आहेच. रस्त्याच्या प्रस्तावात ट्रॅक्टरच्या शेजारी एक रकाना वाढवा, या वाटेनं किती मुली शाळेत जातात.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. माझं कोणी काही वाकडं करत नाही, पण असं पत्र छापून आलं की 'कारणे दाखवा' नोटीस अध्यक्षाला येत नसते, मुख्याध्यापकाला येते. माझ्या जिल्ह्याच्या सदस्यांना हेच पत्र वेगळ्या पाकिटातून पाठवतोय. त्यात गावाचं नाव आहे, माझं नाव आहे, शाळा विकास आराखड्याची प्रत, बंद खोलीचे फोटो आणि वीजबिलांच्या झेरॉक्स आहेत. काही विचारायचं असेल तर मला फोन करा, सरांना नको. त्यांचा दुपारचा तास असतो.

आपला,
एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष